दिपणे आणि डिपर : रात्रीच्या रस्त्याचा एक इतिहास

मराठीतले 'दिपणे' हे क्रियापद 'दीप्' या संस्कृत धातूपासून आले आहे. मूळ धातूचा अर्थ प्रकाशणे, झळकणे असा. मराठीत येताना त्याचा कर्ता बदलला. आपल्याकडे दिवा दिपत नाही, डोळे दिपतात. प्रकाशणाऱ्या वस्तूकडून हा शब्द पाहणाऱ्याकडे आला आणि पाहणाऱ्याची क्षणभराची असहायता सांगू लागला. तरीही आपण तो बहुधा कौतुकानेच वापरतो. वैभवाने डोळे दिपतात, रूपाने दिपतात, विद्वत्तेने दिपतात. या शब्दातले कौतुक पूर्णपणे गळून पडते ते एकाच ठिकाणी, रात्रीच्या रस्त्यावर. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने डोळे दिपले, असे एखादा रिक्षाचालक म्हणतो तेव्हा त्याला एवढेच सांगायचे असते की, त्या दोन-तीन सेकंदांत मी आंधळा होतो आणि गाडी चालवत होतो.

या आंधळेपणाला इतिहास आहे. तो तंत्राचा आहे, कायद्याचा आहे आणि मुंबईच्या उपनगरांपुरता पाहिला तर एका विशिष्ट भूगोलाचाही आहे. रस्त्यावरचा प्रकाश कोणासाठी, आणि तो ज्याच्या डोळ्यांवर पडतो त्या माणसाची गणना कोणी केली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आरंभी वाहनाचा दिवा पाहण्यासाठी नव्हताच. व्हिक्टोरियाच्या दोन्ही अंगांना लावलेले तेलाचे किंवा मेणबत्तीचे दिवे घोड्याच्या पुढचा रस्ता उजळू शकत नसत. 'येथे गाडी आहे' एवढे इतरांना कळावे हे त्यांचे काम. बैलगाडीच्या आसाखाली झुलणारा कंदीलही त्याच जातीचा. तो गाडीवानाला वाट दाखवत नसे. वाट बैलांना ठाऊक असे. वाहनाचा वेगच असा होता की अंधारात दिसेल तेवढे पुरे होई. रस्ता उजळण्याची जबाबदारी नगराची होती, आणि मुंबई नगराने ती १८६५ मध्ये गॅसचे दिवे लावून पत्करली. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बीईएसटी कंपनीबरोबर विजेचा पुरवठा स्थिर झाला आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. शहरातला रस्ता असा क्रमाक्रमाने वरून, खांबावरून उजळत गेला.

उपनगरांचा अनुभव निराळा होता. साष्टीतली गावे घोडबंदर रस्ता आणि आग्रा रस्ता या दोन जुन्या वाटांनी मुंबईशी जोडलेली होती. आजचा स्वामी विवेकानंद मार्ग आणि लाल बहादूर शास्त्री मार्ग ही त्यांचीच नवी नावे. उपनगरांना वीज देण्यासाठी 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी १९२९ मध्ये निघाली. ही उपनगरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली ती दोन टप्प्यांत : १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत. भांडुप-मुलुंडचा वीजपुरवठा आजही महावितरणकडे आहे, पश्चिमेकडचा पूर्वीच्या बीएसईएसची वारसदार असलेल्या कंपनीकडे. मुंबई बेटावर रस्त्यावरचे दिवे मोटारीच्या आधी आले होते. अंधेरीच्या पुढे आणि घाटकोपरच्या पलीकडे मात्र अनेक रस्त्यांवर मोटार आधी पोहोचली आणि खांबावरचा दिवा नंतर. त्यामुळे उपनगरी चालकाला आपला प्रकाश आपल्याबरोबर वाहून न्यावा लागला. आरे वसाहतीतल्या रस्त्यावर रात्री गेलेल्या माणसाला ही जुनी स्थिती आजही थोडीफार अनुभवता येते.

मोटारीने वेग आणला आणि वेगाने दिव्याचा धर्म बदलला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचे कळावे, पायाने ब्रेक दाबावा आणि गाडी थांबावी यासाठी काही दशक मीटरांचा रस्ता आधीच दिसला पाहिजे. 'दिसण्याचा' दिवा आता 'पाहण्याचा' झाला. आरंभीच्या मोटारींत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून तयार होणारा ॲसिटिलिन वायू जाळीत. १९१२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने विजेवर सुरू होणारी आणि विजेचे दिवे असणारी मोटार बाजारात आणली आणि पुढे हाच प्रघात पडला. परावर्तकाच्या वाटीत बसवलेला दिवा सर्व दिशांना विखुरणारा प्रकाश गोळा करून एका दिशेने फेकतो. झोत जन्माला आला, आणि त्याच क्षणी त्या झोताच्या समोर सापडणारा माणूसही.

या माणसासाठी शोधलेला उपाय म्हणजे झोत खाली वळवणे. १९२४ मध्ये ऑसराम कंपनीने एकाच दिव्यात दोन तारा बसवल्या. एक दूरवर फेकणारी, दुसरी खाली झुकवणारी. चालकाने समोरचे वाहन पाहून दुसरी तार पेटवायची. इंग्रजीत या झुकवण्याला 'डिप' म्हणतात, आणि आपल्या रस्त्यांवर त्याचे 'डिपर' झाले. 'अप्पर-डिप्पर' ही जोडी तर आता निखळ देशी आहे. ती कोणत्याही इंग्रजी कोशाच्या आधाराविना गॅरेजमध्ये आणि धाब्यावर बोलली जाते. दिपवू नये म्हणून डिप करायचे, हा 'दिप' आणि 'डिप' यांचा केवळ उच्चारातला योगायोग आहे. त्यांची कुळे वेगळी. तरीही मराठी कानाला तो योगायोग जाणवल्याशिवाय राहत नाही.

डिपरचे वैशिष्ट्य असे की, ते यंत्र असूनही त्याचा प्राण सौजन्य आहे. दोन अनोळखी माणसे शंभर-दोनशे मीटरांवरून एकमेकांना पाहतात, आणि दोघांपैकी एकाने आधी आपला प्रकाश कमी करायचा असतो. ज्याने आधी केला तो काही क्षण तोट्यात जातो. दुसऱ्याने प्रतिसाद दिला नाही तर पहिलाही चिडून अप्पर मारतो, आणि दोन आंधळे एकमेकांच्या दिशेने धावू लागतात. भारतीय ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची इंग्रजी विनंती पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. ती इतकी परिचित झाली की २०१६ मध्ये ट्रकचालकांमधल्या एड्सप्रतिबंधाच्या मोहिमेत निरोधाला 'डिपर' हेच नाव दिले गेले. विनंती नेहमी मागच्याला केलेली असते आणि गरज समोरच्याकडून असते, ही त्यातली गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अर्थात मागून येणारा झोतही आरशातून डोळ्यांत शिरतोच.

या इतिहासात युद्धाचाही एक अध्याय आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईत 'ब्लॅकआउट' पाळला गेला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला. विमानातून दिसू नये हा हेतू. युद्ध संपले तरी काळा रंग पूर्णपणे गेला नाही. पुढची कित्येक वर्षे हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका किंवा वरच्या भागात काळी पट्टी दिसत असे. आता ती समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आकाशातल्या शत्रूसाठी योजलेला उपाय समोरून येणाऱ्या शेजाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला.

उपाय मात्र चुकीच्या जागी बसला होता. दोन तारांच्या अनेक दिव्यांत डिपच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून त्या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर वळतो. अप्परची तार मात्र पूर्ण परावर्तक वापरते. अशा दिव्याचा वरचा भाग काळा केला की अधिक नुकसान होते ते डिपचेच. रस्ता दिसेनासा झालेला चालक मग काय करणार? तो अप्परवर जाणार. सद्हेतूने मारलेला रंगाचा फटकारा दिपवण्यालाच उत्तेजन देऊ शकत होता. आजच्या पारदर्शक प्लास्टिकच्या दिव्यांवरून ती टिकली नाहीशी झाली आहे.

कायद्याने हा प्रश्न कसा पाहिला? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०६ वा नियम दिव्यांच्या झुकवण्याविषयी आहे. झोत असा झुकलेला असावा, किंवा चालकाला झुकवता यावा, की एका विशिष्ट ठिकाणी असलेल्या व्यक्तीचे डोळे दिपू नयेत, असे तो सांगतो. ती जागा नियमाने मोजून दिली आहे : दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. कायद्याच्या रूक्ष भाषेत अचानक एक डोळा उगवतो. त्याला शरीर नाही, वय नाही, वाहन नाही. तीन मापे तेवढी आहेत.

हा डोळा कोणाचा आहे? उभ्या माणसाचा असू शकेल. पण रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांचा डोळा वेगळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत, चालकाला पुढे किती अंतर दिसावे याचे गणित करताना त्याचा डोळा १.२ मीटर उंचीवर धरतात. ट्रक किंवा बेस्टची बस चालवणाऱ्याचा डोळा दोन मीटरांच्याही वर असतो. एकाच रस्त्यावर एवढे निरनिराळे डोळे वावरतात, आणि दीड मीटरवरच्या डोळ्याला न दिपवणारा खालच्या दिशेचा झोत १.२ मीटरवरच्या डोळ्यात नेमका शिरू शकतो.

आठ मीटरांचाही विचार करायला हवा. १९२० च्या दशकात हॉलडे आणि नंतर स्टाइल्स या संशोधकांनी दिपण्याचे गणित मांडले. प्रखर प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि आतल्या द्रवात विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक धूसर पडदा पसरवतो. त्या पडद्यामुळे फिकट वस्तू पार्श्वभूमीत विरघळून जातात. पडद्याची दाटी डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढते, आणि दिवा नजरेच्या रेषेपासून जितक्या कोनावर असेल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. आता सरळ रस्त्यावर समोरून येणारा दिवा पाहा. तो दूर असतो तेव्हा त्याचा प्रकाश कमी, पण तो नजरेच्या रेषेला अगदी लागून असतो. जवळ येतो तसा प्रकाश वाढतो, पण कोनही वाढतो. दिव्याची त्या दिशेची तीव्रता तीच राहिली तर हे दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ छेदतात. म्हणजे ८ मीटरांवरच्या दिव्याइतकाच पडदा ८० मीटरांवरचा दिवाही टाकू शकतो. दिलासा मिळतो तो दोन वाहनांमधले आडवे अंतर वाढल्याने. म्हणून रुंद दुभाजक हवेत, आणि म्हणूनच महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर व बोगनवेल लावतात. ती झाडे शोभेची समजून कोणी छाटून बोडकी केली की रात्रीच्या चालकांचा एक पडदा जातो आणि दुसरा डोळ्यांवर येतो.

दिव्याकडून आता पाहणाऱ्याकडे वळू. परवान्याच्या अर्जासोबत चालकाने स्वतः भरायच्या नमुन्यात दृष्टीविषयी एक प्रश्न असतो : चांगल्या दिवसाच्या उजेडात, २५ मीटरांवरून, मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते काय? ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये सक्तीची चालक-परीक्षा सुरू झाली तेव्हा तिथेही २५ यार्डांवरची नंबरप्लेट हीच कसोटी होती. आपली कसोटी त्याच घराण्यातली दिसते. त्याच नमुन्यात पुढे, तुम्हांला रातांधळेपणा आहे काय, असेही विचारले जाते. म्हणजे दिवसाच्या दृष्टीला अंतर आहे, वस्तू आहे, मोजमाप आहे. रात्रीच्या दृष्टीला केवळ एक होय किंवा नाही, आणि तेही ज्याची भाकर परवान्यावर अवलंबून आहे त्यानेच सांगायचे. व्यावसायिक चालकाला वैद्यकीय दाखलाही लागतो. पण त्या दाखल्यातली दृष्टीची मोजणीसुद्धा चांगल्या उजेडातली आणि २५ मीटरांवरचीच आहे.

शिवाय रातांधळेपणा वेगळा आणि दिपणे वेगळे. रातांधळेपणात दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात काम करीत नाहीत. 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे एक परिचित कारण. दिपणारा माणूस रातांधळा असतोच असे नाही. अंधाराला पूर्ण सरावण्यास निरोगी डोळ्यालाही वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव एका झोताने मोडतो. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट व गढूळ होत जाते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर, विशीतल्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूच्या सुरुवातीला तर असे घडते की दिवसा नंबरप्लेट व्यवस्थित वाचता येते आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती केवळ एक पांढरा गोळा दिसतो. असा चालक दिवसाच्या कसोटीत उत्तीर्ण होईल. त्याने खोटे सांगितले असेही म्हणता येणार नाही. त्याला योग्य प्रश्नच विचारलेला नाही.

हे सगळे उपनगरांत एकवटते. बेटावर रिक्षाला मज्जाव आहे. ती वांद्रे आणि शीव यांच्या उत्तरेची. मुंबईत अनेक रिक्षा पाळीने चालतात. दिवसाचा चालक संध्याकाळी गाडी सोडतो आणि रात्रीचा घेतो. मध्यरात्र ते पहाटे ५ या वेळात भाड्यावर २५ टक्के जादा आकार आहे. म्हणजे रात्रीच्या श्रमाची वेगळी किंमत शासनाला मान्य आहे. रात्रीच्या डोळ्याची वेगळी तपासणी मात्र नाही. वायपरने ओरखडलेली पुढची काच पावसाळ्यात प्रत्येक दिव्याचे शंभर तुकडे करते. मागे तीन प्रवासी आणि सामान असले की पुढचा भाग उचलला जातो आणि झोतही वर जातो. टेम्पो आणि ट्रक यांचेही तेच. अवजड वाहनांवर गर्दीच्या वेळी निर्बंध असल्याने भिवंडीच्या गोदामांतला माल मोठ्या प्रमाणावर रात्रीच मुलुंडमार्गे शहरात येतो. जकात २०१७ मध्ये गेली आणि जकात नाक्यावरच्या रांगा संपल्या. ट्रकांची रात्र मात्र तशीच राहिली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवरचे कित्येक चौक त्यामुळे सुटले. पण डिपचे सारे गणित सपाट रस्त्याचे आहे. चढावर वाहनाचे नाक वर होते आणि खाली झुकवलेला झोतही क्षितिजाच्या वर जातो. पुलाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी येणारी वाहने एकमेकांना काही क्षण अप्परनेच भेटतात, चालकांनी डिपर दिलेला असला तरी. गतिरोधक आणि खड्डेही हेच घडवतात. यात कोणा चालकाचा उद्धटपणा नसतो.

त्यावर दिवेही बदलत गेले. १९६० च्या दशकात हॅलोजन आले, १९९१ मध्ये झेनॉन आणि २००७ नंतर एलईडी. पांढऱ्या-निळसर प्रकाशाचा त्रास पिवळ्यापेक्षा अधिक जाणवतो. फ्रान्सने १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे केले होते, यामागे हीच समजूत होती. आपल्या रस्त्यांवरही गेल्या दहाएक वर्षांत सोडियमचा पिवळा उजेड जाऊन एलईडीचा पांढरा आला. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे दिवे पांढरे झाले तेव्हा 'राणीच्या हारा'चे सोने हरपले म्हणून मोठी चर्चा झाली. ती चर्चा सौंदर्याची होती आणि रास्तही होती. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या रस्त्यावर रात्रभर चाक धरणाऱ्याच्या डोळ्यांसाठी तेवढी शाई खर्च झाल्याचे दिसत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातून आणलेला झेनॉन किंवा एलईडीचा दिवा बसवणे ही तर आणखी वेगळी गोष्ट. प्रकाशाचा उगम ठरलेल्या जागेवरून काही मिलिमीटर सरकला तरी झोताची कडा मोडते आणि उजेड वाटेल तिकडे सांडतो. बसवणाऱ्याला रस्ता अधिक उजळल्याचे समाधान मिळते. हिशेब समोरचा चुकवतो.

इतिहासाचा हा धागा एकत्र धरला तर एक गोष्ट दिसते. दिव्याची शक्ती दर पिढीत वाढली. ती वापरणाऱ्याचा विचार उत्पादकाने केला, ग्राहकाने केला. समोरच्या डोळ्याचा विचार एका नियमातल्या तीन मापांवर आणि चालकाच्या सौजन्यावर सोडला गेला. आणि दोन्ही भूमिका एकाच वेळी, दररोज, आठ-दहा तास करणारा माणूस म्हणजे व्यावसायिक चालक. तो दिपवतोही आणि दिपतोही. कोणत्याही एका बाजूने त्याला दोषी ठरवणे सोपे आहे, पण त्यातून रस्ता अधिक दिसू लागत नाही.

करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. पासिंगच्या वेळी दिवा लागतो की नाही एवढेच न पाहता तो कुठे पडतो हे भिंतीवर मोजता येते. व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाला, जे आता पाच वर्षांनी होते, अंधुक प्रकाशातली आणि झोतासमोरची दृष्टी तपासता येते; त्याची साधने नेत्रवैद्यकाला नवी नाहीत. आणि तपासणीत दोष निघाला तर परवाना काढून घेण्याआधी चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा दिवसाची पाळी हे पर्याय समोर ठेवता येतात. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. पोट जाईल या भीतीने माणूस डोळ्याचा दोष लपवतो आणि लपवलेला दोष रस्त्यावर उघडा पडतो. दोष सांगितल्याने रोजी बुडणार नाही अशी खात्री असेल तरच 'तुम्हांला रात्री कसे दिसते?' या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल.

तोवर कायद्यातला तो अशरीर डोळा, ८ मीटरांवर, दीड मीटर उंचीवर, कोणाचाच नसल्यासारखा उभा राहील. त्या जागी पन्नाशीतला, रात्रपाळीचा, मोतीबिंदूची सुरुवात झालेला एखादा रिक्षाचालक कल्पून नियम पुन्हा वाचला, तर त्यात काय राहून गेले हे कळायला वेळ लागत नाही.